उसनें गाणें

शेजारच्या घरून वाटीभर साखर उसनी आणणें ही आपल्या गृहस्थाश्रमांतील एक जुनी व निरुपद्रवी चाल आहे. ह्या व्यवहाराचे कायदे कोठें लिहिलेले नाहींत, पण ते सर्वांस ठाऊक असतात. साखर कोणाकडून आणली हें घरांत सर्वांस माहीत असतें. ती आपण विकत आणली असें पाहुण्यांपुढें कोणी मिरवीत नाहीं. आणि परत करतांना वाटी सपाट भरून चालत नाहीं, ती शिगोशीग भरावी लागते. साखरेविषयीं ज्या समाजाचे नियम इतके निश्चित आहेत, त्याचे गाण्याविषयींचे नियम मात्र फार मोघम आहेत. एकानें रचलेलें, दुसऱ्यानें चाल लावलेलें व तिसऱ्यानें लोकप्रिय केलेलें गाणें एखाद्या चौथ्यानें पैसे घेऊन गाइलें, तर तें त्यानें उसनें घेतलें, कीं चोरलें, कीं वारशानेंच त्यास मिळालें? आणि उसनें घेतलें असेल, तर तें परत कसें करावयाचें? हा प्रश्न आमच्यापुढें ज्या प्रसंगानें उभा राहिला, तो आधीं सांगितला पाहिजे. त्यांत आमची स्वतःचीहि फजिती झालेली आहे. परंतु ती वगळली तर प्रश्नाचा अर्धा भागच नाहींसा होईल.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरांत आम्ही तारकर्ली येथें चार दिवस राहिलों होतों. मालवणाच्या दक्षिणेस सहा-सात किलोमीटरांवर हें गांव आहे. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस कर्ली नदी, आणि मधली भूमि चिंचोळी होत होत पुढें देवबागेस दोहोंच्या संगमांत संपते. सिंधुदुर्ग हा १९९७ सालीं पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हांपासून रापण ओढणाऱ्या ह्या किनाऱ्यावर पाहुण्यांचा राबता वाढत गेला आहे. घरोघर निवास-न्याहारीची सोय झाली आहे, आणि सुरूंच्या झाडीला लागून लहानमोठीं उपाहारगृहें उभीं राहिलीं आहेत. त्यांपैकीं एकांत, जेथें मासे व मद्य हीं दोन्ही मिळत असत, सायंकाळीं एक गाणारा ताफा येई.

ताफ्यांत चौघे तरुण होते. एक गिटार वाजवी, दुसरा कीबोर्ड, तिसरा एका लाकडी पेटीवर बसून तिच्याच पोटावर दोन्ही हातांनीं ताल धरी, आणि चौथा गाई. हा चौथा आमचा एक जुना विद्यार्थी निघाला. त्यामुळें मध्यंतरांत तो आमच्या मेजाशीं येऊन बसूं लागला व त्याच्याकडून त्या धंद्याच्या कथा ऐकावयास मिळाल्या. ताल धरणारा पहांटे पाहुण्यांस डॉल्फिन दाखविणाऱ्या होडीवर जाई, आणि गणेशचतुर्थीस गांवच्या भजनांत पखवाज वाजवी. ऑक्टोबरांत सुरू झालेला हंगाम मे महिन्यांत संपे. पावसाळ्यांत ज्याचा तो आपापल्या उद्योगाकडे परते. मालवण, वेंगुर्लें, कधींमधीं पणजी, एवढी त्यांची पृथ्वी. एके ठिकाणीं क्रिकेटचा सामना रंगांत आला म्हणून मालकानें त्यांना अर्ध्या कडव्यांत थांबविलें. एके ठिकाणीं एका गृहस्थानें एकच गाणें सात वेळां म्हणावयास लावलें, आणि सातव्या वेळीं तो रडूं लागला. पणजीच्या एका कॉफीच्या दुकानांत एका मेजावरून ‘आवाज कमी करावा’ अशी चिठ्ठी आली. पण चिठ्ठीबरोबर केकचे चार तुकडेहि आले. हें सर्व तो हंसत सांगे. त्यांचीं गाणीं मात्र सर्वस्वी परक्यांचीं असत. जुन्या हिंदी चित्रपटांतलीं, मराठी भावगीतें, क्वचित् एखादें इंग्रजी.

दुसऱ्या रात्रीं त्यानें एका विख्यात, आतां हयात नसलेल्या संगीतकाराचें नांव घेऊन सांगितलें, कीं आतां त्यांचें एक दुर्मिळ गाणें म्हणतों; तें चित्रपटांत घेतलें गेलें नाहीं, म्हणून कोणाच्या फारसें कानांवर नाहीं. बोलणें थांबलें. लोकांनीं चमचे खालीं ठेवले. कांहींनीं भ्रमणध्वनी पुढें धरून तें गाणें टिपूनहि घेतलें. गाणें खरोखरच चांगलें होतें. आम्ही आमच्या सोबत्यांस तत्काळ समजावून सांगितलें, कीं अंतऱ्याची ही चढण त्या संगीतकाराच्या पूर्वकाळाची स्पष्ट खूण आहे; उत्तरकाळांत त्यांची शैली निराळी झाली. सोबत्यांनीं माना डोलविल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो विद्यार्थी आमच्या उतरण्याच्या जागीं आला. थोडा वेळ इकडचें तिकडचें बोलून म्हणाला, “सर, कालचें गाणें माझें आहे. शब्दहि माझे आणि चालहि माझी.” मागील हंगामांत त्यानें तें आपल्या नांवानें दोनदां म्हणून पाहिलें होतें, तेव्हां कोणीं मानहि वर केली नव्हती. मग एके दिवशीं त्यास ही युक्ति सुचली. तेव्हांपासून लोक तें गाणें मागून घेत, आणि त्या गाण्यापायीं मालकानेंहि ताफ्याचे दिवस वाढवून दिले होते. आमच्या आग्रहावरून त्यानें त्याच रात्रीं तें पुन्हां म्हटलें, मात्र ह्या वेळीं ‘हें माझें’ असें सांगून. तोच गळा, तीच चाल, तेच सुरू. दुसऱ्या कडव्यास बोलणीं सुरू झालीं, तिसऱ्यास मालकानें मालवणींत हळूच सुचविलें, “तुझां रवांदे, जुनां कायतरी म्हण.” जातांना विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “सर, मी खोटें बोललों हें खरें. पण त्यांत नुकसान कोणाचें झालें?” त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

उत्तराकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्या पिढीनें इंग्रजी काव्यशास्त्राबरोबर अशी एक समजूत उचलली आहे, कीं जो नवें निर्माण करतो तोच कलावंत, आणि दुसऱ्याचें म्हणून दाखवितो तो नकल्या. ह्या दृष्टीनें पाहिलें, तर हॉटेलांत परक्यांचीं गाणीं गाणारा तरुण कलेच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहतो. परंतु ही समजूत आपल्याकडची नव्हे, आणि जुन्या ग्रीसचीहि नव्हे. प्लेटोच्या ‘इऑन’ नांवाच्या संवादांत होमरचें काव्य म्हणून दाखविणारा एक मनुष्य सॉक्रेटिसाशीं बोलतो. सॉक्रेटिस त्याची पुष्कळ थट्टा करतो; परंतु त्यास उपमा देतो ती लोहचुंबकास लागलेल्या कडीची. चुंबकाची शक्ति पहिल्या कडींत उतरते, तिच्यांतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत. देवता, कवि, गायक व श्रोता अशी ती सांखळी आहे. मधली कडी स्वतः चुंबक नसते हें खरें. पण ती नसली तर शेवटच्या कडीपर्यंत कांहींच पोंचत नाहीं.

आपल्याकडे तर ह्या सांखळीचा संसारच चाललेला आहे. ज्या किनाऱ्यावर हा ताफा गातो, त्याच किनाऱ्यावर डबलबारीचीं भजनें रात्र रात्र रंगतात. दोन बुवा समोरासमोर बसून अभंग, गौळण, गजर म्हणतात, आणि गजराची चाल पुष्कळदां चित्रपटगीताची असते. मराठी रंगभूमीचेंहि तसेंच. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें, त्यांतील पदांच्या चाली लावण्या, साक्या, दिंड्या, कीर्तनांतील पदें व कानडी नाटकें यांतून आलेल्या होत्या. त्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं. पण पुढें आमच्या नाटकांचीं पुस्तकें छापलीं जाऊं लागलीं, तेव्हां पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द घालून ती कोणत्या पदाची हें नमूद करण्याची रीति पडली. साखर कोणाच्या घरची हें तेथें वाटीवरच लिहिलेलें असे. तेव्हां दुसऱ्याचें गाणें गाण्यांत दोष नाहीं. दोष असलाच तर तो त्या वाटीवरचें नांव पुसण्यांत, किंवा खोटें नांव घालण्यांत असला पाहिजे.

आणि येथें आपल्या संतकवींनीं एक मोठी शहाणपणाची योजना करून ठेवली आहे. अभंगाच्या अखेरीस कर्त्याचें नांव येतें. देहूचा अभंग तारकर्लीच्या मंदिरांत कोणीहि म्हणो, शेवटच्या चरणांत तुकोबांचें नांव उच्चारल्यावांचून त्याची सुटका होत नाहीं. कर्त्याचें श्रेय गायकाच्या प्रामाणिकपणावर सोंपविलेलेंच नाहीं. तें छंदांत विणून टाकलें आहे. तथापि माणसांनीं त्यांतूनहि दोन वाटा काढल्या. एक वाट सालोमालोची. तुकोबांचे अभंग घेऊन त्यांवर स्वतःची मुद्रा उमटविणारा म्हणून परंपरेनें त्याचें नांव लक्षांत ठेवलें आहे, आणि तुकोबांच्या अभंगांत त्याच्याविषयींचा संताप नोंदलेला आहे. दुसरी वाट ह्याच्या उलट. स्वतः अभंग रचावयाचा आणि त्याच्या शेवटीं थोर संताचें नांव घालावयाचें. आमच्या गाथांतून असे प्रक्षिप्त अभंग निवडून काढतांना संशोधकांच्या पिढ्या खर्चीं पडल्या आहेत. पहिल्या प्रकारास आपण चोरी म्हणतों. दुसऱ्यास काय म्हणावें, हें आपण कधीं नीट ठरविलेलें नाहीं. कांहींजण तर त्यास भक्तीच म्हणतील. आमच्या विद्यार्थ्याची वाट ही दुसरी होती.

ह्या वाटेनें आमच्याच काळाच्या जवळ एक फार मोठा कलावंत गेलेला आहे. व्हिएन्नाचा व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइस्लर सुमारें तीस वर्षें आपल्या मैफलींत पुन्यानी, कूपरँ इत्यादि जुन्या रचनाकारांच्या ‘सांपडलेल्या’ चिजा वाजवीत असे. १९३५ सालीं त्यानें कबूल केलें, कीं त्यांतल्या पुष्कळ चिजा त्याच्या स्वतःच्याच होत्या. इंग्लंडांतील अर्नेस्ट न्यूमन ह्या टीकाकारानें त्यास कठोर शब्दांत दोष दिला. क्राइस्लरच्या बचावाचा मतितार्थ असा होता, कीं नांव बदललें म्हणून चिजेचें मोल बदलत नाहीं. शिवाय तरुणपणीं एकाच कार्यक्रमांत स्वतःचें नांव पुनःपुन्हां छापणें अशिष्ट दिसलें असतें. आम्ही पूर्वी हा प्रसंग वर्गांत सांगत असूं, आणि हंसून क्राइस्लरचा पक्ष घेत असूं. टीकाकारांची फजिती झाली, ह्याचें आम्हांस सुख होई. तारकर्लीस आम्ही स्वतःच त्या टीकाकारांच्या बांकावर जाऊन बसलों, तेव्हां हें सुख नाहींसें झालें, आणि विचारास प्रारंभ झाला.

प्रथम आम्हांस असें वाटलें, कीं दोष श्रोत्यांचा आहे. जे नांव ऐकतात, गाणें ऐकत नाहींत, त्यांना असेंच फसविलें पाहिजे. ह्यांत तथ्य आहे. मोठें नांव पुढें ठेवलें, कीं आपण ऐकण्याच्या श्रमांतून सुटतों. निकाल आधींच लागलेला असतो, आपण केवळ त्याखालीं सही करतों. आम्ही जी अंतऱ्याची चढण ओळखली, ती कानांनीं नव्हे, नांवानें ओळखली. हें मान्य करतांना आम्हांस आजहि लाज वाटते. परंतु श्रोत्याच्या दोषानें वक्त्याचें खोटें शुद्ध होत नाहीं. आळशी श्रोत्यास जागें करावयाचें असेल, तर त्याच्यापुढें अनोळखी नांव ठेवूनच तें करतां येतें. ओळखीचें नांव ठेवून आपण त्याच्या आळसासच खतपाणी घालतों.

पुढील मे महिन्यांत त्या विद्यार्थ्याचा आम्हांस दूरध्वनी आला, आणि ‘नुकसान कोणाचें’ ह्या प्रश्नाचें उत्तर त्यानें स्वतःच आणून दिलें. पाहुण्यांनीं टिपलेलें तें गाणें हातोहात पुष्कळ दूर गेलें होतें. त्या संगीतकाराच्या चाहत्यांनीं त्यास ‘अप्रकाशित रत्न’ म्हणून स्वीकारलें. मध्यंतरीं रत्नागिरीस एका लग्नघरीं ह्यानें तेंच गाणें धीर करून स्वतःच्या नांवानें म्हटलें, तेव्हां एक वृद्ध गृहस्थ उठून सर्वांदेखत म्हणाले, कीं थोरांच्या चिजा स्वतःच्या म्हणून खपवितांना तरुणांस लाज वाटली पाहिजे. तो आम्हांस म्हणाला, “सर, आतां खरें बोललों तर मी चोर ठरतों.” सालोमालोवर जो आरोप झाला, तोच आरोप सालोमालोच्या नेमक्या उलट वागलेल्या मुलावर आला. त्याचें एकुलतें एक स्वतःचें गाणें त्याच्याच तोंडीं परकें झालें. आणि नुकसान एवढेंच नव्हे. जो संगीतकार आज ‘हें माझें नव्हे’ असें सांगावयास जिवंत नाहीं, त्याच्या माथ्यावर एक न केलेलें कर्म बसलें. तें कर्म चांगलें होतें म्हणून काय झालें? मनुष्याच्या नांवावर न केलेलें पुण्य लिहिणें, हाहि त्याच्या हिशेबाच्या वहींत केलेला खोटेपणाच आहे.

कोणी म्हणेल, कीं नांवाचें एवढें स्तोम कशास? गाणें उरलें म्हणजे झालें. हें विरक्तीचें वचन ज्याचें नांव आधींच झालें आहे त्याच्या तोंडीं शोभतें. ज्यांचीं नांवें राहिलीं नाहींत त्यांना विचारावें. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटांतील प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेचें नांव म्हणून ‘कामिनी’ हें चित्रपटांतील पात्राचें नांव छापलें होतें. गाणारी होती लता मंगेशकर. श्रोते आकाशवाणीकडे त्या कामिनीची चौकशी करूं लागले. तारकर्लीहून फार दूर नसलेल्या गोव्यांतून मुंबईस गेलेल्या वादकांची कथा याहून उद्बोधक आहे. चर्चच्या शाळांत स्वरलिपि शिकलेले हे लोक रात्रीं हॉटेलांतून परदेशी गाणीं वाजवीत, आणि दिवसां चित्रपटगीतांच्या वाद्यमेळाची मांडणी लिहून देत. त्यांच्यांतील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनीं १९५८ सालीं भारतीय राग व पाश्चात्य वाद्यवृंद यांची सांगड घालणाऱ्या स्वतःच्या रचना मुंबईंत सादर केल्या. त्या रचना आज किती जणांस ठाऊक आहेत? त्यांचें नांव घरोघरीं पोंचलें तें १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील एका विनोदी गाण्यामुळें. संगीतकार प्यारेलाल हे व्हायोलिनमध्यें त्यांचे शिष्य. गुरूचें नांव गाण्यांत यावें ही योजना शिष्याची. त्या शिष्यानें ऋण फेडलें, हें गोड आहे. परंतु त्या नांवाबरोबर त्यांचें काम लोकांपर्यंत गेलें नाहीं, आणि ह्या मुलाचें काम नांवावांचून गेलें. दोन्ही व्यवहार अपुरे राहिले.

आमचा कायदाहि हा भेद जाणतो, हें पाहून आम्हांस नवल वाटलें. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणें हॉटेलांत परक्याचें गाणें जाहीरपणें म्हणावयाचें तर परवाना लागतो. लग्नाच्या वरातीस व धार्मिक विधीस सूट आहे. २०१२ सालच्या दुरुस्तीनें गीतकार व संगीतकार यांच्या मानधनाचा वांटा अधिक सुरक्षित केला. हा झाला पैशाचा भाग. परंतु त्याच कायद्याच्या कलम ५७ चा आशय असा आहे, कीं कर्त्यानें आपला हक्क विकून टाकला, तरी ‘ही कृति माझी’ असें म्हणण्याचा त्याचा अधिकार विकला जात नाहीं. पैसा हस्तांतरित होतो. कर्तृत्व होत नाहीं. आमचा विद्यार्थी जें देऊं पाहत होता, तें देतां येण्यासारखेंच नव्हतें.

ह्या सर्व विचाराअंतीं आमचें मत असें झालें आहे. उसन्या गाण्याचें ऋण दोन प्रकारें फिटतें. एक, कर्त्याचें नांव सांगून. दुसरें, तें गाणें कोणी ऐकत नसतांहि तें स्वतःचें असल्याप्रमाणें जपून गाऊन. ही दुसरी फेड म्हणजे वाटीवरची शीग होय. हॉटेलांतील गायकाचें खरें शील तेथेंच दिसतें. समोर काट्याचमच्यांचा आवाज आहे, एका मेजावर भांडण चाललें आहे, मालक घड्याळाकडे पाहत आहे. अशा वेळीं अंतऱ्यांतील एक लहानशी हरकत गाळली तर कोणास कळणार नाहीं. ती न गाळणें ह्यास आम्ही नीति म्हणतों. दशावतारी नटाविषयीं ह्या भागांत एक म्हण आहे, कीं रात्रीं राजा आणि सकाळीं डोक्यावर बोजा. रात्रभर उसनें राज्य करून सकाळीं पेटारा उचलून तो पुढच्या जत्रेची वाट धरी. त्या राज्यांत खोटेपणा नव्हता. कारण तें उसनें आहे हें सर्वांस ठाऊक होतें, आणि तरीहि तो तें पूर्ण राजेपणानें करी. परंतु जो स्वतःचेंच लहानसें राज्य दुसऱ्या राजाच्या नांवानें चालवितो, त्याचे हाल ह्या नटापेक्षांहि वाईट होतात. त्यास सकाळीं परत जावयास स्वतःचें घर राहत नाहीं.

तारकर्लीस आम्हीं जें उत्तर दिलें नाहीं, तें द्यावयास गेल्या नोव्हेंबरांत पुन्हां गेलों. देण्याची गरज उरली नव्हती. ताफा तोच होता, जागा निराळी होती. जुन्या मालकास ‘दुर्मिळ गाणें’ बंद झालेलें आवडलें नव्हतें. आतां प्रत्येक गाण्याआधीं तो गीतकार, संगीतकार व मूळ गायक यांचीं नांवें सांगतो. श्रोते तेवढ्यांत पाणी पितात. त्या संगीतकाराचीं खरीं गाणींहि तो म्हणतो, आणि स्वतःचें गाणें मध्येंच केव्हां तरी, फारशी प्रस्तावना न करतां म्हणून टाकतो. त्या रात्रीं तें दोन मेजांनीं ऐकलें. तिसरें मेज आमचें होतें.

उठतांना त्यानें गिटारीच्या पेटींतला कागद आम्हांस दाखविला. चाळीसएक गाण्यांची यादी, आणि प्रत्येकापुढें तीन रकाने: शब्द, चाल, मूळ गायक. सर्व रकाने स्वच्छ अक्षरांत भरलेले होते. फक्त एका ओळींत तिन्ही मोकळे होते. आम्हीं विचारलें, तर म्हणाला, कीं तेथें काय लिहावयाचें तें मला ठाऊकच आहे, लिहिलें नाहीं इतकेंच. खिशांतलें पेन काढून आम्हीं त्याच्या हातीं दिलें, आणि तो लिहीपर्यंत तेथेंच उभे राहिलों.